पाय सैल सोडा

"पाय सैल सोडा हो, काका," अमर डॉक्टर तिसऱ्यांदा म्हणाले.

पुंडलिकराव नरवाडे तपासणीच्या टेबलावर उताणे पडले होते. उजवा गुडघा उभा दुमडलेला, तळवा गादीवर टेकलेला, आणि तो जागचा हलू नये म्हणून डॉक्टर त्यांच्या पावलावर अर्धवट बसलेले. नडगीचा वरचा भाग दोन्ही हातांच्या पकडीत घेऊन ते ती मागे ढकलत होते, मग पुढे ओढत होते. मेजाचा खण उघडतो की अडकून बसला आहे, हे पाहावे तसे. खण हलला नाही.

"सैलच हाये जी," पुंडलिकराव म्हणाले. ते खोटे बोलत नव्हते. निदान, आपण खोटे बोलत आहोत याचा त्यांना पत्ता नव्हता.

"मग झालं तर. सांधा घट्ट आहे, हाड शाबूत आहे, एक्स-रे स्वच्छ आहे." डॉक्टर खुर्चीवर जाऊन बसले, छापील नमुन्यातल्या 'सक्षम' या शब्दासमोर त्यांनी बरोबरची खूण केली आणि सही ठोकली. "सोमवारपासून गाडी चालवा. पेढे आणा."

महागावात 'संस्था' म्हटले की कोणती, असे कोणी विचारत नाही. जगात दुसरी संस्था नसावी, अशा आत्मविश्वासाने ती वावरते. तिची शाळा आहे, महाविद्यालय आहे, वसतिगृह आहे आणि चार पिवळ्या बस आहेत. त्यांतल्या तीन नंबरच्या बसवर पुंडलिकराव चौदा वर्षे चालक होते. संस्थेच्या नियमावलीत चालकांचे दोन प्रकार सांगितले आहेत. सक्षम चालक गाडी चालवतो. असक्षम चालकाला फाटकावर किंवा ग्रंथालयात बसवून घेतात. सक्षम असून गाडी चालवायला नकार देणारा तिसरा प्रकार नियमावलीने मानलेलाच नाही. त्याला घरी जावे लागते. कोण कुठल्या प्रकारात मोडतो हे ठरवणारा डॉक्टर एकच, तो संस्थेने नेमलेला. पुंडलिकरावांना आज दुसऱ्या प्रकारात जायचे होते. त्यासाठीच ते आले होते, आणि नापास होण्याऐवजी उत्तम गुणांनी पास झाले होते.

ते टेबलावरून उतरले. पडद्याशी त्यांची बायको मैनाबाई उभी होती.

"काय म्हनलं डॉक्टरनं?"

"फिट."

"मंग तुमी पाय कायले कडक केला?"

"म्या? म्या कुठी कडक केला?"

"अवो, म्या पायलं ना! मांडीचा गोया दगडावानी झालता. डॉक्टर सैल सोडा म्हनते, अन् तुमी दात आवळून राह्यले."

पुंडलिकरावांनी आपल्या मांडीवर हात ठेवला. ती अजूनही ताठ होती. एखाद्या इमानी, अडाणी नोकराला मालकाने घर बदलले हे कोणी सांगितलेलेच नसावे, तशी ती जुन्या दारावर पहारा देत होती.

तीस वर्षांची सवय होती ती. मूळचे फुलसावंगीचे पुंडलिकराव तरुणपणी पांढरकवड्याला जाऊन हैदराबाद रस्त्यावरच्या ट्रकवर बसले, तेव्हापासून दर परवान्याला, दर नूतनीकरणाला एक डॉक्टर आणि एक टेबल असे. डोळे तपासायच्या तक्त्यावरची अक्षरे रांगेतला पुढचा माणूस वाचत असतानाच पाठ करायची. छाती मोजताना श्वास भरून ठेवायचा. जिना चढवला तर धाप तोंडातल्या तोंडात गिळायची. डॉक्टर हा चालकाला घरी पाठवण्यासाठी नेमलेला माणूस असतो आणि शरीर हा त्याच्यापासून लपवायचा ऐवज असतो, ही विद्या कोणत्याही विद्यापीठाने शिकवली नाही तरी रस्त्यावरच्या प्रत्येक ड्रायव्हरला येते. पुंडलिकरावांना ती इतकी येत होती की आता विसरता येत नव्हती.

दुखणे मात्र लपण्यासारखे नव्हते. ऐन सोयाबीनच्या हंगामात, दुरुस्तीला दिलेली बस आणायला म्हणून संस्थेच्या सचिवांच्या मोटारीतून ते यवतमाळला निघाले होते. मोटार सचिवांचा मुलगा स्वानंद चालवत होता, म्हणजे एका हाताने चालवत होता. दुसऱ्या हातात फोन होता. पुढची ट्रॅक्टरची ट्रॉली थांबलेली स्वानंदच्या आधी त्याच्या शेजारी बसलेल्या पुंडलिकरावांना दिसली. त्यांनी उजवा पाय दाबला. त्या बाजूला ब्रेक नव्हता. धडकेत दोघांच्याही छातीशी हवेचे फुगे आले. गुडघ्याची काळजी घेणारा फुगा मात्र त्या गाडीत बसवलेला नव्हता. पुंडलिकरावांचा दुमडलेला गुडघा समोरच्या कठीण पट्टीवर आदळला. स्वानंदला खरचटलेसुद्धा नाही. संस्थेच्या कोणत्याही कागदावर तो अपघात नाही. 'गाडी थोडी घासली' एवढेच बोलले गेले, आणि घासलेल्या गाडीत बसलेल्या माणसाचा गुडघा निकामी होत नसतो.

पुसदच्या एका हाडांच्या डॉक्टरने तो हाताळून सांगितले होते, "हाड नाही मोडलं, बुवा. हाडं एकमेकांना बांधून ठेवणारे पट्टे असतात, लिगामेंट. त्यातला मागचा पट्टा ताणून ढिला पडलाय. एक्स-रेत दिसायचा नाही. एमआरआय काढावा लागेल."

पुंडलिकरावांना हे तत्क्षणी कळले होते. ट्रकवरच्या मालाचा दोर ढिला झाला तर सरळ रस्त्यावर माल गप्प बसतो. वळण आले, उतार आला, की सरकतो. त्यांचा पायही सपाट जमिनीवर शहाण्यासारखा चालत असे. उतारावर किंवा जोर देताना मात्र मांडीखालची नडगी अचानक मागे घसरे आणि क्षणभर पाय आपला राहत नसे. मोठ्या इस्पितळाने एमआरआयसाठी जानेवारीची तारीख दिली होती. आज डिसेंबरातला शनिवार होता. बस सोमवारी होती.

"चाला, परत चाला अंदर," मैनाबाई म्हणाली. "त्याइले म्हना, पुन्हा पाहा."

डॉक्टर पुढच्या रुग्णाला बोलावत होते. पुंडलिकरावांचे म्हणणे ऐकून ते हसले. वाईट माणूस नव्हता तो. घाईत असलेला चांगला माणूस होता. आणि या जगात जे बिघडते त्यातले बरेचसे अशाच माणसांच्या हातून बिघडते.

"काका, माझ्याकडे लोक फिट लिहून द्या म्हणून पाया पडतात. अनफिट लिहा म्हणणारे तुम्हीच पहिले. फाटकावरची खुर्ची आवडली वाटतं?"

"तसं नाई जी. म्या पाय कडक केलता. मघाशी."

"का?"

याचे उत्तर द्यायला तीस वर्षे लागली असती. पुंडलिकराव टेबलावर चढले.

डॉक्टर पुन्हा पावलावर बसले. पुंडलिकरावांनी डोळे मिटले. सोड, सोड, असे ते पायाला मनातल्या मनात बजावू लागले. मैनाबाई उशाशी येऊन हलक्या आवाजात म्हणाली, "झोपले आहा असं समजा. आंगनात बाजीवर पडले आहा." पुंडलिकरावांनी अंगण आठवले, बाज आठवली. मांडी किंचित उतरली. तेवढ्यात डॉक्टरांची बोटे नडगीभोवती आवळली, आणि त्या स्पर्शासरशी मांडीचा गोळा पुन्हा वर आला, आधीपेक्षा कठीण, थरथरता. पुंडलिकरावांनी घामेजून जोर लावला, पण सोडण्यासाठी लावलेला जोरही शेवटी जोरच असतो. पाय अधिकच आवळला गेला.

"उलट जास्त घट्ट लागतोय," डॉक्टर उठले. "काका, मी हाताला लागतं ते लिहितो. मनातलं लिहिता येत नाही."

शास्त्राचे असे असते. ते हाताला लागेल तेवढे मानते, आणि हात कोणाला किती वेळ लावायचा हे रांग ठरवते.

सचिव श्रीकृष्णराव यांनी दुपारी त्यांना उभ्याउभ्याच ऐकून घेतले. त्यांच्या तीन पिढ्या कचेऱ्यांत गेल्या होत्या. आवाज न चढवता माणसाला खाली उतरवण्याची कला त्यांना वारशाने आली होती.

"पुंडलिकराव, तज्ज्ञ माणूस लिहून देतो की तुम्ही सक्षम आहात. तुम्ही म्हणता, नाही. मी कोणाचं ऐकावं?"

"सायेब, पाय माहा हाये."

"पाय तुमचा आहे, बस संस्थेची आहे, आणि कागद डॉक्टरांचा आहे. ज्याचं त्यानं पाहावं. सोमवारी गाडी काढा, नाहीतर तसं लिहून द्या."

सोमवारी पहाटे चहा देताना मैनाबाई एकदमच बोलली. "जाऊ नका. मी सांगून राह्यली, जाऊ नका तुमी."

"हळू चालवीन. डावा पाय हाये ना."

"डाव्या पायानं ब्रेक दाबते का कोनी?"

"डॉक्टरनं दोन डाव पायलं, अवं. दोन डाव! त्याइले काय समजत नाई?"

तिने त्यांच्याकडे असे पाहिले की त्यांनी कप खाली ठेवला. पण बोलले ते अगदीच बहाणा म्हणून नव्हते. आयुष्यभर ज्याने कागदाला फसवले, त्याच्याच मनात कागदाविषयी एक आंधळी श्रद्धा साठत जाते. इतक्यांदा पास झालेला माणूस आतून कुठेतरी मानतो की पास होणे म्हणजेच धडधाकट असणे. दोनदा तपासून एक शिकलेला माणूस फिट म्हणतो. कदाचित आपणच घाबरट झालो असू.

फुलसावंगीहून बस भरून निघाली तेव्हा शेतांवर धुके होते. बेचाळीस मुले आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला तुळसाबाई. तुळसाबाई दाराजवळच्या आसनावर बसे आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीवर तिथून निकाल देई.

"पुंडलिकभाऊ, गाडी चालून राह्यली का वरात? नवरदेव झोपला वाटते घोड्यावर!"

"धुई हाये, तुळसाबाई."

"धुई तर परवाबी होती. परवा थो दुसरा डायवर बसला होता, त्याले धुई दिसतच नव्हती. पोट्ट्याइच्या पोटातला चहा वर आलता."

मागून बंटी नावाच्या पोराने आरोळी दिली, "काका, दहावीची परीक्षा होऊन जाईन पोचेपर्यंत!" सगळी बस हसली. पुंडलिकरावही आरशात पाहून हसले. पहिले तीन थांबे नीट गेले. प्रत्येक थांब्याच्या खूप आधीपासून ते गियर उतरवत आणि बस जवळजवळ आपसूकच थांबू देत, ब्रेकवर पाय नुसता ठेवून. सपाट रस्ता होता. पाय शहाण्यासारखा वागत होता. चौथ्या थांब्यानंतर त्यांना वाटू लागले की डॉक्टर बरोबर होता.

महागाव जवळ आले की रस्ता एका नाल्याकडे उतरतो आणि नाल्यावर अरुंद पूल आहे. उताराला लागताच धुक्यातून पुढे कापसाची ट्रॉली उगवली. बाजूच्या फळ्यांपलीकडे फुगून लोंबणारा कापूस, वरून बांधलेली जाळी, मागे दिवा नाही. ती चालत होती. मग पुलाच्या तोंडाशी ती थांबली.

पुंडलिकरावांनी ब्रेक दाबला. बसने वेग सोडला, अर्धा सोडला. आणि उरलेल्या अर्ध्यासाठी त्यांनी पायात जोर भरला, तेव्हा गुडघ्याच्या आत ते झाले. नडगी मागे सरकली. पायडल जिथे होते तिथेच होते. पाय त्यांच्यापासून निघून गेला होता. दुखलेसुद्धा नाही. फक्त दाबणारे कोणी उरले नव्हते. बस पुन्हा धावू लागली आणि समोरचा पांढरा ढीग काचेत मोठा होत गेला.

डावा पाय क्लचवरून उचलून त्यांनी ब्रेकवर आपटला आणि हाताने हॅन्डब्रेक खेचला. इंजिन गचके खाऊन बंद पडले. बस आडवी होऊ पाहत तशीच फरपटत गेली, आणि थांबली.

पाठोपाठ ओरडा झाला, मग हशा. मुलांना मजा वाटली. कुणाचे दप्तर पडले, कुणाचे डोके पुढच्या बाकाला हलकेच आपटले. खुशी नावाच्या लहान मुलीचा डबा उघडून भाजी सांडली होती, ती तेवढी रडत होती. ट्रॉलीतून लोंबणाऱ्या कापसाचे दोन पुंजके वायपरच्या पात्यात अडकले होते. ट्रॉली आवाज करत पुढे निघाली आणि पूल ओलांडून गेली. मागे काय झाले याची तिला खबर नव्हती.

तुळसाबाई हसत नव्हती. आसनाचा दांडा तिने दोन्ही हातांनी धरला होता.

पुंडलिकरावांनी किल्ली फिरवून काढून घेतली. "तुळसाबाई, पोट्ट्याइले बसू द्या. एक बी खाली उतरू देऊ नका. दुसरी गाडी बलावा."

"काहून? बिघडली का गाडी?"

"गाडी चांगली हाये."

तुळसाबाईने तोंड फिरवून फोन काढला. पुंडलिकराव कसेबसे खाली उतरले, रस्त्याकडेचे दोन मोठे दगड उचलून त्यांनी चाकांच्या मागे नव्हे, पुढे लावले, कारण उतार पुढे होता. आणि एक नंबरची बस येईपर्यंत मागे रस्त्यात हात वर करून उभे राहिले, धुक्यातून येणाऱ्या गाड्यांना बाजूने काढत. अर्ध्या तासाने मुले दुसऱ्या बसमध्ये चढली. "काका, तुमी बी या," खुशी म्हणाली. ते सर्वांत शेवटी चढले आणि चौदा वर्षांत प्रथमच मागच्या बाकावर बसून शाळेत आले.

श्रीकृष्णरावांना बातमी आधीच पोचली होती.

"कोणाला लागलं?"

"नाई, सायेब."

"गाडीला काही?"

"नाई."

"मग झालं काय?"

काय झाले ते सांगण्यासाठी, ते झाले आहे हे ऐकणाऱ्याला मान्य असावे लागते. या खोलीत आधीचा अपघात झाला नव्हता. हाही झाला नव्हता.

"गाडी चालवीत नाई मी," पुंडलिकराव म्हणाले. "फाटकावर बसवा का नका बसवू. चालवीत नाई."

"फाटकावर असक्षम लोकांना बसवतात. तुम्ही सक्षम आहात." सचिवांनी कोरा कागद पुढे सरकवला. "लिहा. स्वेच्छेने काम सोडतो, असं. आणि ती ऑक्टोबरातली जुनी गोष्ट यात नको."

"थे कायले लिहू? थे तर झालंच नाई ना."

श्रीकृष्णराव प्रथमच मान वर करून पाहू लागले. समोरचा माणूस टोमणा मारतो आहे की कबुली देतो आहे, हे त्यांना ठरवता येईना. पुंडलिकराव लिहू लागले. अक्षर मोठे, सावकाश, प्रत्येक शब्दानंतर थांबून. मालाच्या पावत्यांपलीकडे त्यांनी आयुष्यात फारसे लिहिलेले नव्हते.

'माझा उजवा पाय ब्रेकवर टिकत नाही. डॉक्टर साहेबांनी दोन वेळा पाहिला, परंतु त्यांना तो दिसला नाही, कारण मी तो दिसू दिला नाही. आज गाडीत बेचाळीस लेकरं होती. मी गाडी चालवणार नाही.' खाली सही, तारीख.

तीस वर्षांत त्यांच्या शरीराविषयी जितके दाखले दिले गेले होते, त्यांतला खरा असा हा एकच, आणि त्यावर कोणत्याही डॉक्टरचा शिक्का नव्हता.

सचिवांनी वाचले. "यात 'स्वेच्छेने' कुठे आहे?"

"माही इच्छा तं चालवाचीच हाये, सायेब," पुंडलिकराव म्हणाले. "मंग खोटं कसं लिहू?"

टेबलावर बसची किल्ली ठेवून ते बाहेर आले. वर्गांतून पाढ्यांचा आवाज येत होता. संस्थेची इमारत उंच जोत्यावर बांधलेली आहे; येणाऱ्याने मान वर करून यावे, अशी बांधणाऱ्याची कल्पना असणार. कार्यालयापुढे सात दगडी पायऱ्या आहेत आणि त्यांना कठडा एकाच बाजूला आहे. चढताना पुंडलिकरावांना काही झाले नव्हते. आता वरच्या पायरीवर उभे राहून त्यांनी खाली पाहिले, एक पाऊल पुढे टाकून पाहिले आणि मागे घेतले.

मग ते वळले. तोंड इमारतीकडे केले, कठडा दोन्ही हातांनी धरला आणि उलटे, एक-एक पायरी उतरू लागले. फाटकाजवळ उभ्या असलेल्या पालकांना वाटले असेल की देवाला पाठ दाखवू नये म्हणून गाभाऱ्यासमोरून असाच मागे सरकत निघणारा हा कोणी भाविक आहे. त्यांच्या डोळ्यांसमोर कार्यालयाचे दार होते, दारावर संस्थेचे बोधचिन्ह होते, आणि ते त्याच्याकडे टक लावून पाहत होते, कारण दुसरीकडे पाहता येत नव्हते. उजवा पाय आधी खाली गेला. पायरी लागेपर्यंत तो काही वेळ हवेत चाचपडला. पायरी लागली. तिच्यावर भार टाकायच्या आधी पुंडलिकरावांनी टाचेने ती दोनदा ठोकून पाहिली, आणि मग पुढची शोधू लागले.